उजवीकडं ओढणारी गाडी

अप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि रामनगरातलं आपलं गॅरेज आता मी चालवते. पाटी तुमचीच आहे, रंग तेवढा नवा दिला. गेल्या महिन्यात तिथं जे झालं ते मी फौजदारापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगितलंय. तुम्हाला मात्र जरा वेगळं सांगावं लागेल.

गोव्याहून एक जण टेम्पोत घालून गाडी घेऊन आला. वय तिशीचं, बोलायला गोड. गाडी तुमच्या जन्माच्याही आधीची. टप कापलेला, बॉनेट काढून टाकलेलं, आत कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं दांडगं इंजिन. "अक्का, हिला हॉट रॉड म्हणतात," तो म्हणाला. पळायची सोय चोख केली होती. थांबायची सोय सगळी एका पोत्यात होती. चार भंगारवाल्यांकडचे ब्रेकचे चार ड्रम, शू एका गाडीचे, प्लेटा दुसऱ्या गाडीच्या, आणि पुढच्या चाकांचे सिलिंडर एक बारीक, एक जाड. मी ड्रमला आतून खडू फासला, शू बसवून चाक फिरवलं. खडू शूवरच्या लायनरच्या मधोमध बोटभर उठला, दोन्ही टोकं कोरीच राहिली. ड्रम मोठा, शूची गोलाई लहान. मग कानस घेऊन बसले. घासायचं, खडू लावायचं, फिरवायचं, परत घासायचं. चार दिवस तेच.

कानस चालवताना माझ्या मधल्या बोटाचं नख सारखं समोर येतं. ते अजून दोन फाकांत वाढतं. मग तो दिवस परत उभा राहतो. मी एकोणीस वर्षांची आहे, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून तुम्ही मला चुलीपासून उठवून गॅरेजात आणलंय. मी एका जीपला डावीकडं जुना शू आणि उजवीकडं नवा बसवलाय. तुम्ही हातानं चाचपून ओळखता. माझं मनगट धरता, माझं बोट ड्रमच्या काठावर ठेवता आणि हातोडी मारता. "दुखतंय न्हवं? घाटात माणसाचं एक बोट न्हाई मोडत." दुपारी आईनं त्या बोटाला हळद लावली, तर तुम्ही तिला फॅन बेल्टनं मारलं, लाड करते म्हणून. ती चुलीपुढंच होती. भात उतू गेला, निखारे विझले, तरी तुमचा हात थांबला नाही. त्या बोटामुळं मी डावं-उजवं पुन्हा कधी चुकले नाही, हे खरं आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, हेही खरं आहे.

पाचव्या दिवशी गाडी उभी राहिली. रस्त्यावर थोडी फिरवून बघितली. ब्रेक दाबला की सरळ उजवीकडं ओढायची, समोरच्या वाहनाच्या अंगावर. सिलिंडर जोडीनं बदलल्याशिवाय ते जाणार नव्हतं. मी बेळगावला सिलिंडर सांगून ठेवले. नेमका तेवढ्यात तो गाडीवाला आला.

"अक्का, चावी द्या. परवा गाड्यांचा शो आहे."

"अजून झालं न्हाई. उजवीकडं ओढतीया."

"ब्रेक लागतोय ना? मग बास."

"सपाटीला लागतोय. गोव्याच्या घाटात वळणावर दाबलास तर समोरच्याच्या खाली जाशील."

"माझी गाडी, माझा जीव."

"आणि समोरून येणाऱ्याचा रं? त्यो कुणाचा?"

त्यानं मला ढकललं. माझी पाठ टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यावर आपटली, तोंडात रक्त आलं. त्यानं खिळ्यावरची चावी काढली आणि तो वळला. टायर उचकटायची लोखंडी टामी माझ्या हातापाशीच होती. मी ती उचलून त्याच्या हातावर मारली. हाड मोडलं. समोरचा चहावाला आणि दोन ट्रक ड्रायव्हर धावत आले, त्यांनी मला धरलं. स्टेशनात मी सांगितलं, साहेब, ह्याचा जीव वाचवायला एक फटका मारला. ड्रायव्हर साक्षीला उभे राहिले. "अक्कानं न्हाई अडवलं असतं तर ह्यो आज घाटात पडला असता." फौजदार हसला, दोघांना समज दिली आणि सोडलं. लोक मला म्हणाले, बापाची लेक शोभतीस. त्या संध्याकाळी मला ते आवडलं.

पुढच्या आठवड्यात सिलिंडर आले, जोडी बसवली, ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली. तो प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आला. मीच गाडी काढली, तो शेजारी बसला. मोकळ्या रस्त्यावर वेगात नेऊन मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातातनं सोडलं. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ थांबली.  त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याच्या बाजूचं दार उघडायला मी हात पुढं केला, तर त्यानं डोकं खांद्यात ओढून घेतलं.

अप्पा, फटके दोन होते. पहिल्यानंच चावी पडली होती. तो हात धरून खाली बसला होता, "बास अक्का, बास" म्हणत होता. चहावाला अजून रस्ता ओलांडत होता. मी परत टामी उचलली. हाड दुसऱ्या फटक्यानं मोडलं, आणि मारताना मला बरं वाटलं. इतकं बरं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

हे आईनं बघितलं. ती डबा घेऊन दारात उभी होती. स्टेशनात तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आता मी फळीवरची बरणी काढायला हात वर केला, की ती भिंतीला सरकते. हा कागद मी तिच्या चुलीत घालणार आहे. तिला वाचता येत नाही, तरी तो तिच्या घरात ठेवायची मला भीती वाटते.