अंडरस्कोर की कॅपिटल

मंगळवार, संध्याकाळ

आज ठरवून टाकलं. आमच्या एपीआयमधून ॲपला जी माहिती जाते, तिच्यातली सगळी नावं लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोरची खालची रेघ. आतापर्यंत कुठे अंडरस्कोर, कुठे मधलंच अक्षर कॅपिटल. ॲप बनवणारे सारखे चुकायचे.

ऑनलाइन मीटिंगमध्ये विचारलं, कुणाचं काही वेगळं मत? पुण्याचा एक जण म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते, मॅडम." बाकीच्यांनी अंगठे पाठवले. संपलं. मग मला वाईट का वाटलं? होकारच तर हवा होता ना?

कॉलेज रोडच्या ऑफिसात मुग्धा शेजारी बसायची. एका कॅपिटल अक्षरावरून डबा संपेपर्यंत भांडायची. ती बंगलोरला गेली, ते ऑफिस बंद झालं, आणि मी इथे घरून काम करते.

न राहवून तिला फोन लावला. म्हटलं, "अंडरस्कोरच ठेवला बरं का."

"बरं केलंस. आमच्याकडे आता ते एआयच बघतं गं, कोण डोकं लावतंय," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "जेवलीस का?"

हो म्हटलं. कुकर अजून लावलेलाच नाही.