वरच्या कडेला

३ तारीख, सोमवार
नोकरी लागली! बाजाराच्या टोकाला कान टोचायचं दुकान आहे, दोन उंच खुर्च्या आणि एक मोठा आरसा. मालकीणबाईंनी तासाभरात काम शिकवलं: गनमध्ये खडा बसवायचा, कान धरायचा, चाप ओढायचा. संध्याकाळी टोचलेल्या जागी लावायच्या औषधी पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं फेकायचं नाही, त्यातच नळाचं पाणी घालायचं. गिऱ्हाइकं तर अशी की खडा निवडायला अर्धा तास लावतात आणि टोचताना आईचा हात धरतात. मला हसू आवरत नाही.

५ तारीख
मीही टोचून घेतलं, कानाच्या वरच्या कडेला. ताईला फोनवर सांगितलं. ताई नर्स आहे, म्हणजे जगातल्या सगळ्या दुखण्यांची मालकीण. म्हणाली, तिथे कूर्चा असते, म्हणजे मऊ हाड, गनने ती चेचते, तिला रक्त पोचत नाही, पिकलं तर कानाचा आकारच जातो. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. राईचा पर्वत केल्याशिवाय तिला जेवण पचत नाही.

९ तारीख, रविवार
ताई ड्यूटीवर होती. भाचीला दुकानात नेऊन तिचाही कान टोचला, वरच. सोळा वर्षांची पोर वर्षभर आईच्या मागे लागली होती. केस मोकळे सोड, आईला कळणार नाही, असं बजावलं. जाताना औषधी पाण्याची छोटी बाटली भरून दिली. मावशी असावी तर अशी.

११ तारीख
कान लाल आहे. मालकीणबाई म्हणतात, खडा फिरवत राहा. फिरवते. एक मुलगी सुजलेला कान घेऊन आली होती, तिला उशी बदलायला सांगून पाठवलं. काय एकेक नाजूक नमुने.

१३ तारीख
उशीला कान टेकवत नाही. वरचा भाग फुगून गरम, खालची कानाची पाळी मात्र जशीच्या तशी. खडा मांसात बुडालाय, बोटाला लागत नाही. दुकानातली औषधी पाण्याची बाटली उजेडात धरली. तळाला हिरवट, बुळबुळीत थर — आणि त्यावर रोज पाणी घालणारी मीच.
भाचीला विचारलं. म्हणाली, थोडंसंच दुखतं. ताईला सांगायचं? नको. जन्मभर ऐकवेल.

१५ तारीख
डॉक्टरांनी कान चिरला. हिरवा पू. कूर्चा मेली, कान असाच दुमडलेला राहणार. म्हणाले, दोन दिवस आधी यायला हवं होतं. आणखी कुणाला टोचलंय का, विचारलं. मी नाही म्हणाले.

१६ तारीख
ताई डबा घेऊन आली. कानावरून एकदाही ऐकवलं नाही. पोरीला ताप आहे म्हणाली, झोपूनच असते, केस विंचरू देत नाही. ओठावर आलं होतं माझ्या. पण ताईचा तो समजूतदार चेहरा — नाही सांगितलं.

१७ तारीख
भीती वाटते. सांगायलाच हवं, आत्ता — फोन उचलला तर तिचाच आला. पोरीचे केस कानाला चिकटलेत, सुटत नाहीत, ती ओरडते आहे, तुला काही माहीत आहे का, विचारत होती. मी म्हणाले —