विमानतळाजवळचं घर

प्रिय दादा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात मी इतकी समजूतदार झाले होते की वाचून माझी मलाच चीड आली. दोन्ही फाडली. आता जे घडलं तेच लिहीन, आणि जिथे तुझं खरं असेल तिथे खरं म्हणेन. पण राग गिळून लिहिणार नाही. तो गिळून गिळून आता पोटात जागा उरलेली नाही.

साथ सुरू झाली तेव्हा मी तळ्याकाठच्या त्या लहान गावात होते, एका सुताराच्या घराच्या वरच्या मजल्यावर. माझं दुभाष्याचं काम, आज या शहरात परिषद, उद्या त्या. तू पाहुण्यांना सांगायचास, "आमच्या धाकटीचा पत्ता पेन्सिलनेच लिहून घ्या." मीही हसायचे, कारण खरंच होतं ते. मग सीमा बंद झाल्या, परिषदा कानाला हेडफोन लावून घरातूनच सुरू झाल्या, आणि काही महिन्यांनी तिथल्या सरकारने आमच्यासारख्या फिरस्त्यांना सांगितलं की लांब मुदतीचा परवाना घ्या, नाहीतर निघा. म्हणजे जन्मात पहिल्यांदा मला ठरवायचं होतं की अडकायचंच असेल तर कुठे अडकायचं.

तेव्हा आम्ही सगळेच एकमेकांना तेच तेच विचारत होतो. हॉस्पिटल किती लांब आहे? परक्या माणसाला लस मिळेल का? आजारी पडलो तर घरमालक रस्त्यावर काढेल का? तळ्याकाठचं गाव या सगळ्यात पास झालं होतं. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी. सुतार म्हणाला, "राहा की. तू गेलीस तर वर उंदीर येतील, आणि ते भाडं देत नाहीत." खिडकीतून पाणी दिसायचं. मी चक्क एक कपाट विकत घेतलं होतं, दादा. इतक्या वर्षांत कुठल्याही देशात मी सुटकेसपेक्षा मोठं काही विकत घेतलं नव्हतं.

आणि ते सगळं सोडून मी राजधानीत गेले. कारण तू म्हणाला होतास, "विमानं सुरू झाली की पहिल्या विमानाने ये, आई सारखी तुझी आठवण काढते." तळ्याकाठून घरी यायचं तर आधी बस, मग तीन विमानं. राजधानीतून एकच विमान, सकाळी निघालं की संध्याकाळी आईसमोर. सुताराने मला विचारलं होतं, "तू घर बघतेयस की बस स्टँड?" मी त्याच्यावर भडकले. म्हटलं, तुझी आई खालच्या खोलीत आहे म्हणून तुला बोलायला काय जातंय. परवाना राजधानीच्या पत्त्यावर निघाला, तो मुदत संपेपर्यंत बदलता येत नव्हता. विमानतळाजवळ दहाव्या मजल्यावरची एक खोली, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचे एक्झॉस्ट पंखे, आणि डोक्यावरून जाणारी विमानं. शेजारी कोण राहतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर आम्ही एकमेकांकडे चोरासारखं बघायचो. मी स्वतःला सांगायचे, थोडेच दिवस आहेत.

विमानं सुरू झाली. मी लगेच फोन केला. आईचं कानाचं यंत्र बिघडलेलं होतं, दुकानं बंद, फोनवर तिला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. वयामुळे तिला आतल्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. तू फोन हॉलमध्ये ठेवून आत जायचास आणि निरोप घेऊन यायचास. "आई म्हणते, इतक्यात येऊ नकोस." पुढच्या वेळी, "आई म्हणते, तिला धास्ती वाटते." आणि एकदा, "आई म्हणते, तिकडेच बरी आहेस." ते वाक्य मी कित्येक दिवस उराशी घेऊन बसले. कधीतरी तू व्हिडिओवर तिला दारातून दाखवायचास. ती लांबून हात हलवायची आणि मोठ्याने म्हणायची, "नीट राहा गं तिकडे!" मला वाटायचं, म्हणजे खरंच तिला मी नकोय.

शब्द इकडून तिकडे पोचवणं हा माझा धंदा आहे. तू आत जाऊन किती पटकन परत यायचास! यंत्राशिवाय आईला एक साधा प्रश्न समजावायचा तर तीनदा ओरडावं लागतं, हातवारे करावे लागतात, वर ती आपल्यालाच दोन प्रश्न विचारते. तू तर पाणी पिऊन आल्यासारखा यायचास. आणि ओरडण्याचा आवाजही कधी आला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. समोर सख्खा भाऊ होता.

मग मावशी आईला स्वतःकडे घेऊन गेली, नवं यंत्र घेऊन दिलं आणि आपल्या फोनवरून मला फोन लावून दिला. आईचं पहिलं वाक्य, "अगं, इतकी कसली गं कामं? दादा दर वेळी विचारतो, तर तू म्हणे जमणार नाही म्हणतेस. मी तुझी गादी दोनदा उन्हात टाकली." इतक्या भाषा येतात मला, दादा. तरी तिचं ते एक वाक्य मी तिला तीनदा पुन्हा म्हणायला लावलं.

आता तुझी बाजू. वहिनीचा दमा खरा आहे. त्या दिवसांत तिला धाप लागली की तू रात्रभर तिच्या उशाशी बसायचास, हेही मला माहीत आहे. बिल्डिंगचा सेक्रेटरी म्हणून 'परदेशातून येणाऱ्यांना प्रवेश नाही' ही सूचना तू स्वतः सही करून लिफ्टशेजारी लावली होतीस. तुझीच बहीण बॅगा घेऊन खाली उतरली असती तर लोकांनी तुला फाडून खाल्लं असतं. माझ्या खोलीत तू तुझं ऑफिस थाटलं होतंस, तेही ठीक. मला शंका येते की पहिल्यांदा 'येऊ नकोस' ऐकलं तेव्हा माझ्यातल्या कुठल्यातरी कोपऱ्याला हायसं वाटलं होतं का. वाटलं असेल. म्हणून लिहून टाकते. पण दादा, 'पहिल्या विमानाने ये' म्हणण्याऐवजी तू तेव्हाच सरळ म्हणाला असतास की, "येऊ नकोस, मला भीती वाटते," तर मी एका शब्दाने बोलले नसते. तळ्याकाठी गुपचूप राहिले असते, माझ्या कपाटाजवळ. तू तुझी भीती आईच्या तोंडी घातलीस. मला घरी येऊ दिलं नाहीस, आणि दुसरीकडे घर करू दिलं नाहीस. दर महिन्याला 'अजून थोडं थांब' म्हणत मला त्या पंख्यांसमोर बसवून ठेवलंस. आणि तिकडे तिला बसवलंस, गादी झटकत, पोरीला आपली आठवणच येत नाही असं समजत.

मी फोनवर जाब विचारला तेव्हा तू हसलास. "सगळ्यांच्या भल्यासाठीच केलं ना? झालं गेलं, सोड आता." तेही मी सोडलं असतं. माझं डोकं फिरलं ते नंतरच्या गोष्टीने. आई घरी परतली आणि तिने तुला समोर बसवून विचारलं. तेव्हा तू तिला म्हणालास, "आई, तुला तेव्हा नीट ऐकू आलं नसेल." इतकी वर्षं वर्गात चाळीस पोरांच्या गोंगाटातून कोण काय पुटपुटलं ते ओळखणाऱ्या बाईला! तिने मला फक्त एवढंच सांगितलं, "मी बहिरी होते, वेडी नव्हते." त्यानंतर ती तुझ्यासमोर या विषयावर बोलली नाही, आणि तुला वाटलं की मिटलं.

पत्र आत्ताच लिहायचं कारण असं. आई पुन्हा मावशीकडे राहायला गेली, आणि येत्या रविवारी तू तिला आणायला तिथे जाणार आहेस. जाऊ नकोस. आई तिथे नाही. माझ्याकडे येण्यासाठी पूर्वी काढलेला पासपोर्ट तिच्या कपड्यांखाली होताच, बाकीचे कागद आणि तपासणी मावशीने करून दिली. मावशीवर ओरडू नकोस. तिने फक्त आईच्या नावाने तुला खोटे निरोप दिले, आणि त्यात काय वाईट असतं ते तुला नव्याने सांगायला नको. माझी मुदत संपत आली होती, नवा परवाना दोघींचा काढायचा होता, म्हणून मी आईला दोन्ही जागा नीट समजावून सांगितल्या. राजधानीतून परत जायला सोपं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "परत जायला? कुणाला जायचंय परत?" म्हणून आम्ही तळ्याकाठी आहोत, त्याच वरच्या मजल्यावर. आई सुखरूप आहे, काल सुताराच्या आईशी खाणाखुणांनी तासभर बोलत होती. पोस्टाची वाट न बघता या पानांचे फोटो पाठवतेय, म्हणजे रविवारी तुझी धांदल व्हायला नको. आईने तुझ्यासाठी निरोप दिलाय. तो तिने सांगितला तसाच लिहिते: "त्याला सांग, मी त्याच्यावर रागावलेले नाही. पण मी परत येणार नाही." त्यातलं पहिलं वाक्य मला मान्य नाही. माझ्या हातात असतं तर ते तुझ्यापर्यंत पोचलंच नसतं. पण ते तिचं आहे, म्हणून पोचवलं.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी