इया खोऱ्यातला वेलींचा पूल

एगैला, कुवेत
शुक्रवार, १० डिसेंबर २००४

प्रिय चारुशीला,

'ताई' म्हणावं तर आपण एकाच वर्षी जन्मलो, आणि 'अहो चारुशीला' लिहून पाहिलं तर ते बँकेच्या पत्रासारखं दिसायला लागलं. तुझ्या बहिणीच्या माघारी तिच्या नवऱ्याशी लग्न करून तिच्या घरात आलेली बाई तुझी कोण लागते, याला आपल्याकडे शब्द नाही. म्हणून तुला न विचारताच 'तू' म्हणते आहे. राग आला तर कळव, पण पत्र आधी पुरतं वाच.

तुझा फोन दर शुक्रवारी येतो. मी उचलला तर तू "कौमुदी आहे का?" एवढंच विचारतेस, मी "देते हं" एवढंच म्हणते, आणि ती फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली, त्यात आपलं बोलणं यापलीकडे गेलं नाही. तू लग्नाला आली नाहीस याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. मृदुलाताईंच्या आजारपणात तू जाब्रियाच्या हॉस्पिटलात बाकावर झोपून काढलेले दिवस जयप्रकाशने मला लग्नाआधीच सांगितले होते. त्यानंतर दोन वर्षांत त्याच घरात दुसरी बाई आली, हे कुठल्या बहिणीला सोसेल?

कौमुदी मजेत आहे. उंची भसाभसा वाढते आहे, केस तिने हट्टाने खांद्यापर्यंत कापून घेतले आणि गणिताला अजूनही शिव्याच घालते. इकडे थंडी पडली आहे, संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकता येतात. उन्हाळ्यात आम्ही जपानला गेलो होतो ते तुला ठाऊकच आहे. फोटोही तिने पाठवले असतील. पण त्यातल्या एका रविवारबद्दल ती तुला नीट सांगायची नाही. मी सांगते.

जयप्रकाशच्या रिफायनरीसाठी शिकोकू नावाच्या बेटावरच्या एका कारखान्यात मोठा कॉम्प्रेसर तयार होत होता. तो जहाजावर चढण्याआधी तपासून घ्यायला याला तिकडे पाठवलं. शाळेला सुट्टी होती, मी नोकरी करते त्या लॅबमधून मीही रजा काढली. कौमुदीला मात्र तुझ्याकडे सांगलीला यायचं होतं. तूही तिला बोलावलं होतंस. जयप्रकाश म्हणाला, "या वर्षी आपण तिघं जाऊ." झालं. ती विमानात बसल्यापासून गप्प. तिकडे आम्हाला मिळालेली जागा इतकी लहान की दार लावून घ्यायला आतली खोलीच नव्हती. आणि माझ्याशी बोलायची तिची एक रीत होती, ती तुला माहीत नसेल. ती मला कशानेच हाक मारत नसे. काकी नाही, मावशी नाही, नावही नाही. "भात आहे का अजून?" हे ती भाताच्या पातेल्याला विचारायची. आम्ही घराबाहेर असलो तर माझ्याजवळ येऊन उभी राहायची आणि माझं लक्ष जाईपर्यंत थांबायची. मी कधी टोकलं नाही. पण चारुशीला, तीन वर्षं कुणी हाकच मारली नाही की माणसाला आपण घरात आहोत की नाही अशी शंका यायला लागते.

तर तो रविवार. कारखान्यातल्या एकाने जयप्रकाशला सांगितलं की डोंगरात इया नावाचं खोरं आहे, ते पाहिल्याशिवाय जाऊ नका. आम्ही सकाळी आगगाडीने निघालो, पुढे एका छोट्या गावात बस घेतली. ड्रायव्हरच्या हातात पांढरेशुभ्र मोजे, प्रत्येक वळणाआधी तो मायक्रोफोनवर काहीतरी अदबीने पुटपुटायचा. रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली की आमची बस वाकत वाकत मागे जायची. खाली हिरवी नदी, आणि वर डोंगराला चिकटवल्यासारखी घरं. घराच्या डोक्यावर शेत, शेताच्या डोक्यावर पुन्हा घर. कुवेतच्या सपाट वाळूत वाढलेली आपली पोर तोंड उघडं टाकून बघत होती. एका कड्याच्या अगदी टोकावर एका उघड्या मुलाचा पुतळा आहे, तो दरीत शू करतोय. तो दिसल्यावर ती खदखदून हसली, हसता हसता माझ्याकडे वळली, आणि मग आठवण झाल्यासारखी थांबून परत खिडकीकडे तोंड करून बसली. मीही दुसऱ्या बाजूला बघू लागले.

खोऱ्यात वेलींचा पूल आहे. रानवेलींचे जाड दोर वळून बांधलेला. पाय ठेवायला आडव्या फळ्या, पण दोन फळ्यांमधे एवढी फट की खालची नदी सरळ दिसते. आपण चाललो की सगळा पूल कुरकुरतो. पुढे कौमुदी, मधे जयप्रकाश, मागे मी. तुझा हा मेहुणा रिफायनरीच्या उंच टॉवरवर शिडीने चढतो, तिथे उभा राहून मोबाइलवर बोलतो. म्हणून मला काळजी फक्त पोरीची होती.

मध्यावर गेल्यावर तिचा पाय फटीत गेला, गुडघ्यापर्यंत. माणूस त्या फटीतून खाली पडू शकत नाही, तिने दोर धरून लगेच पाय वर काढलाही. पण सँडल गेली. आम्ही तिघंही ती खाली जाताना बघत राहिलो. ती पाण्यात पडली, एकदा वर आली आणि वाहून गेली. कौमुदी म्हणाली, "ऊप्स." आणि पुढे निघाली. जयप्रकाश मात्र निघेना. दोन्ही हातांनी वेल धरून तो जागच्या जागी उभा. मी म्हटलं, अहो, चला ना. तो हलकेच म्हणाला, "सुचित्रा, माझे पाय उचलत नाहीयेत." आमच्या मागे माणसं येऊन थांबली होती. सगळ्यांच्या वजनाने पूल झुलत होता.

कौमुदी वळून मागे आली. एका पायात सँडल, एक पाय अनवाणी. तिने बापाचं मनगट धरलं. "बाबा, डोन्ट लुक डाउन. माझ्याकडे बघ." मग त्याच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्याला मागून धर. घट्ट. मी सांगेन तेव्हा पुढे ढकल." ते वाक्य तिने पातेल्याला नाही, मला सांगितलं होतं. मी त्याचा पट्टा धरला. ती एकेक फळी मोजून सांगत होती, "आता डावा. गुड. आता उजवा." मी मागून ढकलत होते. अशी आम्ही दोघींनी मिळून त्याची वरात पलीकडे नेली.

पलीकडे एक धबधबा आहे. तिथल्या दगडावर तो बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. कौमुदीनेही नव्हतं. तिने विचारलं, "बाबा, व्हॉट हॅपन्ड? मला काही झालं नाही ना!" तो म्हणाला, "तुझा पाय खाली गेला ना, मला वाटलं, आता मृदुलाला मी काय सांगू." चारुशीला, आमच्या घरात ते नाव तीन वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. तो मला वाईट वाटेल म्हणून बोलत नसे, ती त्याला त्रास होईल म्हणून, आणि मी माझा हक्क नाही म्हणून. तिघंही एकमेकांना जपत होतो, आणि घरातली चौथी बाई मधल्या मधे बेवारस झाली होती.

कौमुदी त्याच्या शेजारी बसली. आपल्या अनवाणी पायाकडे बघून एकदम म्हणाली, "आई खूप ओरडली असती. नवीन सँडल होती." आणि तो रडता रडता हसला. म्हणाला, "तुझी आई? तिच्या बहिणीने माझ्या लग्नात माझा नवा कोरा बूट विहिरीत घालवला होता!" मग ती सगळी गोष्ट निघाली. तू जोडे लपवायला विहिरीच्या काठावर ठेवलेस, एक आत पडला, तू रडायला लागलीस, आणि मृदुलाताईंनी शालूचा पदर खोचून बादली सोडून तो काढायचा प्रयत्न केला. नवरी विहिरीत वाकलेली बघून तुझ्या वडिलांना घेरी यायची बाकी होती. शेवटी नवरदेव मामांच्या कोल्हापुरी चपला घालून जेवायला बसला. कौमुदीला यातलं काहीच माहीत नव्हतं. "मावशी अशी होती?" तिने तीनदा विचारलं. मीही विचारलं. मला वाटत होतं तू कायम फोनवरच्या आवाजासारखी असशील.

बसची वेळ होईपर्यंत आम्ही पुलाजवळच्या एका दुकानात बसलो. म्हाताऱ्या मालकिणीने गव्हासारख्याच कुठल्याशा काळपट पिठाच्या गरम शेवया वाढल्या. कौमुदीचा पाय बघून ती हळहळली. मी माझे बूट काढून पोरीला दिले. ती घालेल असं मला वाटलं नव्हतं. तिने घातले, आणि ते बरोबर बसले. दोघींना आश्चर्य वाटलं. मला मालकिणीने तिच्या परसातल्या रबरी सपाता दिल्या, त्या मी कुवेतपर्यंत घालून आले. मग तिने माझ्याकडे बोट करून कौमुदीला विचारलं, "ओकासान?" म्हणजे आई. एवढा शब्द आम्हा सगळ्यांना एव्हाना येत होता. जयप्रकाशने मान खाली घातली. कौमुदीने मालकिणीला नकारार्थी मान हलवून दाखवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सुचित्रा." स्पष्ट, नीट, जशी कुणाची तरी ओळख करून द्यावी तशी. म्हातारीने वाकून मला "सुचितोरा-सान" म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी शेवयांचा आणखी एक वाडगा मागितला.

परतीच्या बसमधे ती माझ्या शेजारी बसली. माझ्या बुटांची नाडी आवळत म्हणाली, "मी तुला आई नाही म्हणणार." मी म्हटलं, नको म्हणूस, ती तुला आहे. तिने विचारलं, "सुचित्रा म्हटलं तर रूड वाटेल का?" मी म्हटलं, लोकांना वाटेल, मला नाही. तेव्हापासून घरात दिवसभर "अगं सुचित्रा, माझा डबा? सुचित्रा, माझा पीईचा ड्रेस?" चाललेलं असतं. परवा खालच्या बकाल्यात, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, तिने अशी हाक मारली तेव्हा मालक हमीदभाई दचकून बघायला लागले.

मृदुलाताईंचा खैरानच्या समुद्रावरचा फोटो जयप्रकाशच्या कपाटात होता, कलिंगड कापताना हसतायत तो. तो आता जेवणाच्या टेबलाजवळ आहे. हार घातलेला नाही, कौमुदी म्हणते हार घातला की आई वारल्यासारखी दिसते. जेवताना आता त्यांच्या गोष्टी निघतात. त्यांना आमटीत गूळ जास्त लागायचा, हे मला असंच कळलं. अर्ध्या गोष्टी जयप्रकाशला धड आठवत नाहीत. "ते मावशीला विचारायला पाहिजे," असं म्हणून आम्ही सोडून देतो.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला दिवस गेले आहेत. एप्रिलमधली तारीख दिली आहे. या वयात होईल अशी मी आशाच सोडली होती, आणि आता आनंदाइतकीच भीती वाटते. माझी आई मी कुवेतला यायच्या आधीच गेली, वडीलही नाहीत, बाळंतपणाला हक्काने बोलवावं असं माझं कुणी नाही. कौमुदीला सांगताना माझा जीव वर-खाली होत होता. ती ऐकून आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या दप्तर न काढताच म्हणाली, "माझ्या वेळी आईजवळ मावशी होती ना? मग तिलाच बोलव. तिला सगळं येतं." मी म्हटलं, ती माझी कोण, ती कशी येईल? तर म्हणाली, "विचारून तर बघ." म्हणून विचारते आहे, चारुशीला. येशील? व्हिसाचं सगळं जयप्रकाश करील. कौमुदीने तिच्या कपाटातले दोन कप्पे आत्ताच रिकामे केले आहेत. तुला नाही जमलं तर मी समजून घेईन, तसं फोनवर एका शब्दात सांग, मी "देते हं" म्हणून फोन तिच्याकडे देईन. पण मला बहीण नाही, त्यामुळे या बाळाला मावशी नाही. कौमुदी म्हणते, तिची एक आहे, ती वाटून घ्यायला तिची हरकत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
सुचित्रा