साडूपेक्षा सरस आर्म

९ मार्च, रविवार

सासऱ्यांकडे जेवण. भाजलेलं बीफ, बटाटे आणि साडू.

साडूने, म्हणजे थेनने, जीप चाकांवर उंच उचलून घेतली आहे. साडेतीन इंच. माझी जीपही साडेतीन इंच उचललेली आहे, आणि ती त्याच्याआधी उचललेली आहे. पण हे टेबलावर कोणाच्या लक्षात राहिलेलं दिसलं नाही. उचललेल्या गाडीला कंपनीचे मूळ आर्म, म्हणजे ॲक्सल सांगाड्याला धरून ठेवणारे दांडे, आखूड पडतात. पुढचा ॲक्सल मागे ओढला जातो, स्टिअरिंग थरथरतं. हे मी त्याला जानेवारीत सांगितलं होतं. आज त्याने तेच मला समजावून सांगितलं, तोंडात बटाटा ठेवून. लांब आर्म त्याने मागवलेसुद्धा. एका दुपारी. रंग बघून. लाल.

सासरे म्हणाले, गेल्या मेमध्ये थेनच्या गाडीत माझे सगळे दात हलले. यंदा ज्याची गाडी धक्के देणार नाही, तिच्यात बसेन.

मेमधली फेरी म्हणजे सॅन राफेलच्या वाळवंटी खडकांतून खेचरपायरी नावाच्या उंच खडकाळ टप्प्यापर्यंत आणि परत. खरी वाट एकट्या सासऱ्यांना माहीत; तरुणपणी त्यांनी तिथून गुरं नेली आहेत. डोळे अधू झाल्यापासून ते स्वतः चालवत नाहीत, शेजारी बसून काठीने वाट दाखवतात. त्यामुळे ज्याच्या गाडीत सासरे, ती गाडी सगळ्यांच्या पुढे. लग्न झाल्यापासून मी थेनची धूळ खातो आहे.

यंदा सासरे माझ्या गाडीत बसतील.

मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे स्वतःला विचारून घेतलं: यात मत्सर आहे का? प्रामाणिक उत्तर: नाही. प्रश्न एका वृद्ध माणसाच्या दातांचा आहे.

१२ मार्च

अभ्यास सुरू. आर्म दोन जातींचे: ठरलेल्या लांबीचे, आणि लांबी कमी-जास्त करता येणारे. टोकाला रबरी बुश, नाहीतर लोखंडी गोळ्याचा सांधा. रबर धक्का गिळतं. सांधा मोकळा फिरतो, पण आवाज करतो. शिवाय पोलाद की ॲल्युमिनियम. घाईने घ्यायची वस्तूच नाही ही.

बायको, शॉना, म्हणाली, थेनचे बसलेसुद्धा, जनीलचा फोन होता. बहिणी-बहिणींत दुसरे विषय नाहीत.

२३ मार्च

अभ्यास चालू. ॲल्युमिनियम बाद. मग पुन्हा विचारात घेतलं. कारण न देता बाद करणं अन्यायाचं वाटलं.

गावात शिरताना हायवेवर थेनचा बोर्ड आहे. तो घरं विकतो. बोर्डावर घर नाही, थेन आहे. दात गॅरेजच्या शटरसारखे. हे त्याचे दात. हलले ते सासऱ्यांचे.

५ एप्रिल

थेन आला. शिडी परत द्यायला, म्हणे. माझ्या गॅरेजात जमिनीवर काहीच सुटं पडलेलं नाही हे बघून हसला. म्हणाला, काय प्रोफेसर, आर्म घेताय की धर्म बदलताय?

मी शांतपणे म्हटलं, विचार करणाऱ्याला वेळ लागतो.

तो म्हणाला, लागू द्या की. तोवर खडक झिजून सपाट होतील, मग आर्म तरी कशाला?

उत्तर सुचलं तेव्हा त्याची गाडी कोपऱ्यावर वळत होती. तरी दिलं. शेजारीणबाईंनी ऐकलं.

११ एप्रिल

सहामाही परीक्षेत प्रश्न घातला. अ हा विचार न करता निर्णय घेतो, ब हा पूर्ण विचार करून. दोघांपैकी कोणाचं वर्तन अधिक नैतिक? सकारण लिहा.

१४ एप्रिल

पेपर तपासले. बहुतेकांनी अ लिहिलं. एका मुलीने लिहिलं, ब हा मुळात निर्णय घेतच नाही, त्यामुळे त्याच्या वर्तनाबद्दल काही म्हणता येत नाही.

यंदाचा वर्ग कच्चा आहे.

१७ एप्रिल

आर्म मागवले. लांबी बदलता येणारे, पोलादी, एका टोकाला रबर, दुसऱ्या टोकाला सांधा. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलेला निर्णय. थेनच्या आर्मची लांबी कुठल्या तरी कारखान्याने ठरवली. माझ्या आर्मची मी ठरवणार. फरक आहे.

रंग काळा. रंगाचा विचार केला नाही. लाल सोडून.

२६ एप्रिल, शनिवार

आर्म बसवले. एकट्याने. शॉना मदतीला येत होती, पण ती दर वेळी विचारते, थेनने कसं केलं होतं?

गाडी जॅकवर असताना बोल्ट नुसते हाताने धरायचे. पक्के आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडीचं वजन पडल्यावर. लोक नेमकं हेच चुकतात. वर टांगलेली असतानाच आवळून टाकतात, मग रबर पिळून फाटतं. थेननेही तसंच केलं असणार. मी केलं नाही.

गाडी खाली उतरवली. मोठा पाना हातात घेतला. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर थेनचा फोटो: त्याची जीप, खाली दिसणारे लाल आर्म, आणि वर ‘सासरेबुवांची सीट तयार!’

घरात जाऊन उत्तर लिहिलं. कडक झालं. मवाळ केलं. मग पुळचट वाटलं. पुन्हा कडक केलं. शेवटी फक्त एक अंगठा पाठवला. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मग जेवण. नंतर हत्यारं पुसून जागेवर ठेवली, गॅरेज बंद. एक काम मनासारखं पूर्ण झालं.

२७ एप्रिल

चाचणी. स्टिअरिंग स्थिर. ब्रेक लावल्यावर खालून ‘टक’ येतो. सांध्याचा स्वभाव. हे मी १२ मार्चलाच लिहून ठेवलं आहे.

४ मे, रविवार

सासऱ्यांकडे जेवण. अंगणात गाडी लावताना ‘टक’. थेन पायरीवर उभा होता. म्हणाला, प्रोफेसर, तुमच्या गाडीखाली कोणीतरी दार वाजवतंय. उघडा की.

मी त्याला सांधा आणि रबर यांतला फरक सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हेही संशयास्पद. मग म्हणाला, ते सगळं ठीक, पण बोल्ट एकदा बघून घ्या.

मी बघणारच होतो. आज संध्याकाळीच. पण आता बघितले, तर त्याच्या सांगण्यावरून बघितल्यासारखं होईल, आणि ते तो बोर्डावर लावेल. म्हणून बघणार नाही.

हा हट्ट आहे का? प्रामाणिक उत्तर: नाही. ही स्वायत्तता.

११ मे

‘टक’ आता वळणावरही. सांधा रुळतो आहे.

शॉना म्हणाली, मी फेरीला जनीलबरोबर त्यांच्या गाडीत बसेन. म्हटलं, खुशाल. ती म्हणाली, अरे, बाबा बसणार असतील तर निदान बोल्ट तरी बघ. म्हणजे थेनने हिलाही सांगितलं आहे. आता तर प्रश्नच नाही.

१७ मे, शनिवार, सकाळ

निघण्यापूर्वी चार ओळी.

सासरे काठी टेकत आले. दोन्ही जीप शेजारी-शेजारी उभ्या. थेनने दार उघडून धरलं होतं, हॉटेलच्या दरवानासारखं. सासऱ्यांनी त्याच्या गाडीकडे पाहिलं, माझ्या गाडीकडे पाहिलं, आणि माझ्या गाडीत बसले!

थेनला म्हणाले, तू आता नवी मोठी चाकं लावलीस, तुझ्या गाडीत चढायला शिडी लागते.

हे निमित्त. आर्म पाहूनच निर्णय झाला; त्यांना थेनला दुखवायचं नसणार. अनुभवी माणूस.

मी पुढे. थेन माझी धूळ खाणार. काच वर करून घेईल, पण दिसेल तर खरी.

१७ मे, दुपार, खेचरपायरीच्या खाली, दगडावर बसून

वाटेत सासरे म्हणाले, ब्रेंट, पोरा, हे टक टक काय आहे? म्हटलं, बाबा, तुमची काठी दाराला लागतेय. त्यांनी काठी मांडीवर घेतली. टक. म्हटलं, थर्मास. त्यांनी थर्मास उचलून पोटाशी धरला. खेचरपायरी येईपर्यंत त्यांच्या मांडीवर काठी, थर्मास, माझा डबा आणि गाडीचं मॅन्युअल एवढं जमलं होतं.

पायरीवर पुढचं चाक चढलं. टक आला नाही. मला वाटलं, रुळला. मग एकदम धाड. स्टिअरिंग माझ्या हातातून फिरलं, गाडी तिरकी होऊन कडेला खेटली. खाली दहा फूट दरी. सासऱ्यांनी एका हाताने वरची मूठ धरली आणि दुसरा हात माझ्या छातीवर आडवा ठेवला, लहान मुलाला धरतात तसा. तो हात बराच वेळ तिथेच होता.

थेन चालत आला. हातात रूट बीअर; नावाला बीअर, नुसतं गोड पेय. खाली वाकला. म्हणाला, प्रोफेसर, इथला बोल्ट कुठाय?

मी म्हटलं, वाटेत.

कुठल्या वाटेत?

मागच्या.

तो वाकलेलाच राहिला. मग दुसऱ्या बोल्टला हात लावला. तो बोटांनी फिरला.

मी टोमण्याची वाट पाहत होतो. उत्तरंही तयार होती, तीन. तो काही बोलला नाही. पट्टा आणला, ॲक्सल पुढे ओढून बांधला, दुसऱ्या पट्ट्याने माझा बंपर त्याच्या गाडीला जोडला. मुद्दाम बोलला नाही. इतका दुष्टपणा मी त्याच्यात पूर्वी पाहिला नव्हता.

म्हणाला, बाबा, माझ्या गाडीत चला आता. सासरे म्हणाले, एकदा बसलोय, आता कोण उतरतंय.

१८ मे, रविवार

काल अंधार पडेपर्यंत ओढला गेलो. माणूस चालतो त्या वेगाने. थेन पुढे, मी मागे. धूळ नेहमीची.

आज सासऱ्यांकडे जेवण. गप्प बसायचं ठरवलं होतं. सासऱ्यांनीच विषय काढला. म्हणाले, एवढ्या वर्षांत परतीच्या वाटेवर पहिल्यांदा डोळा लागला. एक धक्का नाही. पुढच्या वर्षीही ब्रेंटच्याच गाडीत बसणार.

मी थेनकडे पाहिलं. स्वतःला विचारलं: हा आनंद योग्य आहे का? उत्तर देणार होतो, तेवढ्यात सासऱ्यांनी बटाट्यांचं भांडं थेनकडे सरकवलं आणि म्हणाले, फक्त पट्टा तेव्हा घरापासूनच बांध.

सगळे हसले. शॉना सगळ्यांत शेवटपर्यंत.

ओढायच्या पट्ट्यांत दोन जाती असतात: ताणणारे आणि न ताणणारे. थेनने कोणता लावला ते त्यालाही माहीत नसणार. उद्यापासून अभ्यास.