खाऱ्या विहिरीचं गोड पाणी

४ मार्च, सकाळी ७
काल अकोल्याच्या डॉक्टरनं साधनाच्या किडनीचा रिपोर्ट पाहिला अन् तोंड वाकडं केलं. म्हणे, आधी पाणी बदला. आमचं गाव खारपाणपट्ट्यात, विहीर खारी. पोरीचा, रागिणीचा, अमरावतीहून फोन. आईले माह्याकडं पाठवा म्हणे. ठणकावून सांगितलं, एकतीस वर्षं सातवीले विज्ञान शिकवलं, मले पाणी शिकवतं का? बायको कुठं जाणार नाही. आठ दिवसांत गोड पाणी घरीच.

६ मार्च
तुरटी फिरवली. चार पदरी धोतरातून गाळलं. काय नितळ पाणी! रागिणीनं दिवाळीत दिलेल्या मीटरवर क्षार आधी २१००, नंतरही २१००. मीटर चायनाचा. 'विरघळलेलं मीठ गाळून निघत नाही' हे मीच फळ्यावर लिहीत होतो म्हणा. पण शाळेतला कपडा पातळ होता.

१२ मार्च
निम्मं आटेपर्यंत उकळलं. मीटर ३९००! साधना म्हणे, अवो, पाणी उडालं, मीठ कुठं जाईन? रस्सा आटला की खारट होते का नाई? म्हटलं, तुले काय समजते. तिचं बरोबर आहे. तिला सांगितलं नाही.

२६ मार्च
जमलं!! कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी, नळी थंड पाण्याच्या बादलीतून, वाफेचं पाणी कपात. मीठ कुकरातच बसलं. मीटर ३०. (मीटर चांगला आहे.) शेजारच्या पार्बताबाईला मुद्दाम बोलावलं. म्हणे, मास्तर, कपभरच? नावं ठेवायले काय लागते! साधना प्यायली. गोड आहे म्हणे. तिच्या पायावर सूज दिसते. ऊन फार आहे यंदा.

९ एप्रिल
सिलिंडर पंधरा दिवसांत संपलं. नवीन लावलं, ते पुरवून वापरायचं. सकाळी एक कप कुकरच्या प्रकल्पाचं, बाकी दिवसभर विहिरीचंच, तुरटी फिरवून. साधना म्हणे, आता सारंच गोड लागून राहिलं. म्हणजे तुरटी लागू पडली. मीटर ठेवून दिला. रागिणीचे तीन फोन. उचलले नाहीत.

२ मे, अमरावती, दवाखाना
डायलिसिस. आठवड्यातून दोनदा, आता कायमचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कोणतं पीत होत्या? मी म्हटलं, शुद्ध केलेलं. साधना पडल्या पडल्याच म्हणाली, कपभर गोड होतं, बाकी खारंच. मले समजत होतं. पण हे ग्लास देऊन माह्या तोंडाकडं पाहत बसत, मंग गोडच म्हणा लागे.

रागिणीनं आईची फाइल माझ्या हातातून काढून घेतली. मी बाहेर बाकावर जाऊन रडलो. मास्तर आहे, सगळं माहीत होतं मला.

दुपारी साधनानं पाणी मागितलं. इथं नळाला गोड पाणी आहे, चोवीस तास. मी ग्लास भरला. नर्सनं त्यातलं अर्धं ओतून दिलं. म्हणे, काका, यांना आता दिवसाचं मोजून तीन ग्लास.