मासिकातलं घर

मोंटाना, ३ सप्टेंबर

चि. ऑर्व्हल यास थेल्डाताईचे आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या मासिकाचा अंक पोचला. मुखपृष्ठावर माझी चूल, माझा लाकडांचा ढीग आणि मध्ये तू! कुऱ्हाड छत्रीसारखी धरली आहेस. आत लिहितोस, 'माझं रानातलं घर, माझे कष्ट.' डेन्व्हरच्या नवव्या मजल्यावर कोणतं रान आहे रे? लिफ्टमध्ये अस्वलं येतात का?

थट्टा पुरे. तुझे दाजी अर्ल गेल्यापासून लाकडं मीच फोडते आणि आता गुडघे साफ नाही म्हणतात. मिझुला शहरात एक खोली पाहिली आहे. बटण दाबलं की ऊब. हे घर आपल्या दोघा भावंडांच्या नावावर आहे. बर्फ पडायच्या आत विकायला सही दे.

लोभ आहेच, तो टिकवायचा तर टाळाटाळ करू नकोस.

तुझी ताई

डेन्व्हर, १९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी जीभ अजून धारदार आहे, वाचून बरं वाटलं. वाचकांचा त्या घरावर जीव आहे गं, म्हणून अडून होतो. पण तोड निघाली. फिनिक्सचा लोवेल प्रुइट घर घेतोय, आपलाच वाचक! फोटो काढू देईन म्हणाला. मी सही केली. बायको आणि तान्ह्या मुलीसह पुढच्या आठवड्यात येतील. त्यांना उगाच घाबरवू नकोस, आणि मी तिथे राहत नाही हे तर मुळीच बोलू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

ऑर्व्हल

मोंटाना, २० ऑक्टोबर

चि. ऑर्व्हल यास,

आशीर्वाद सवयीने लिहीत होते, खोडले.

खोली एक तारखेला मिळणार म्हणून मी अजून इथेच, मागच्या खोलीत. तुझा लोवेल दाढी वाढवून आणि तुझे सगळे अंक घेऊन आला. आल्या दिवसापासून चुलीत ओला पाइन कोंबतोय. मी बजावलं, तर त्याने तुझं पान काढून दाखवलं, 'ताज्या पाइनचा सुवास घरभर दरवळू द्या.' ऑर्व्हल, ओल्या लाकडाने धुरांड्यात डांबर साचतं आणि ते पेट घेतं, हे आबांनी तुला कान पिळून शिकवलं होतं. काल धुरांडं पेटलं. या गुडघ्यांनी मी छपरावर चढले आणि ओली पोती टाकत राहिले. खाली लोवेल म्हणत होता, हेच खरं जगणं! त्याची बायको मार्सी पोरीला छातीशी धरून रडत होती.

मी म्हटलं, बाबांनो, परत जा. तर म्हणे फिनिक्सचं घर विकलं, नोकरी सोडली. परतीची वाट ठेवू नका, असं तूच छापलं होतंस ना?

मिझुलाच्या घरमालकीणबाईंना आज 'खोली नको' असं कळवलं. वसंतापर्यंत मी इथेच राहते. त्या दोघांना धड चूल पेटवता येईना, आणि पोर वर्षाचीही नाही. तुझा फार राग आला आहे. मला यंदा ऊब हवी होती रे, एवढंच मागितलं होतं.

लोभाचं सध्या विचारू नकोस.

थेल्डा